प्रिंटरची पारख

घरातून व्यवसाय करणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. कोणी करसल्लागाराचे काम करतात, कोणी भाषांतरे करतात, कोणी शिकवण्या घेतात. अशा घरात छपाई, स्कॅनिंग व झेरॉक्स ही तिन्ही कामे करणारे एक यंत्र आणावे असा विचार निघतो. दुकानात गेल्यावर खोक्यावर आकडेच आकडे दिसतात. ४८०० × १२०० डी.पी.आय., मिनिटाला ३३ पाने, एका बाटलीत ४५०० पाने! आकडा मोठा म्हणजे यंत्र चांगले असे ग्राहक समजतो आणि दुकानदारही त्याचा तो समज मोडीत नाही.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आपण एक सवय लावून घेतो. आकडा समोर आला की तो कशाचा, कोणत्या परिस्थितीत मोजलेला, आणि आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध काय, हे आधी विचारायचे. प्रिंटर घेतानाही हीच सवय उपयोगी पडते. त्यासाठी पट्टी, भिंग, घड्याळ आणि आलेखाचा कागद एवढी साधने पुरेत.

ठिपके किती बारीक हवेत?

डी.पी.आय. म्हणजे एका इंचात किती ठिपके, हे बहुतेकांना ठाऊक असते. एक इंच म्हणजे २५.४ मि.मी. तेव्हा ६०० डी.पी.आय. म्हणजे दोन लगतच्या ठिपक्यांच्या मध्यांतील अंतर २५.४ ÷ ६०० = ०.०४२ मि.मी., अर्थात ४२ मायक्रोमीटर. आपल्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली, तर हे अंतर केसाहूनही कमी आहे.

आता डोळ्याची मर्यादा पाहू. निरोगी डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनाने विलग असलेले दोन ठिपके वेगळे दिसतात. वाचताना कागद ३० सें.मी.वर धरला तर या कोनाला जुळणारे अंतर सुमारे ०.०८७ मि.मी. येते. २५.४ ला ०.०८७ ने भागा. उत्तर २९० च्या आसपास येईल. म्हणजे इंचात सुमारे ३०० ठिपक्यांच्या पुढे उघड्या डोळ्याला ते ठिपके सुटे दिसत नाहीत. मग ६०० डी.पी.आय. तरी कशाला? त्याला कारण आहे. प्रिंटर करडा रंग छापू शकत नाही. त्याच्याजवळ काळा ठिपका असतो किंवा नसतो. करडी छटा दाखवण्यासाठी तो ८ × ८ ठिपक्यांचा एक चौकोन घेतो आणि त्यातील काही जागा काळ्या करतो, काही कोऱ्या सोडतो. अशा चौकोनातून ० ते ६४ अशा ६५ छटा मिळतात. पण मग ६०० ÷ ८ = ७५, म्हणजे चित्रातील खरा बारकावा इंचाला ७५ चौकोनांवर येतो. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरा, ठिपक्यांनी बनलेल्या छटा तुम्हांला प्रत्यक्ष दिसतील. (प्रिंटरमधील संगणकीय युक्त्या याहून थोड्या हुशार असतात, पण मूळ हिशेब हाच.) तेव्हा छायाचित्रांसाठी जास्त ठिपके उपयोगी; पत्रे, पावत्या, हिशेबाचे तक्ते यांसाठी ६०० पुष्कळ झाले.

आता त्या ४८०० कडे वळू. ४८०० डी.पी.आय. म्हणजे दोन ठिपक्यांत ५.३ मायक्रोमीटर. शाईचा एक थेंब केवढा असतो? चांगल्या यंत्रात सर्वांत लहान थेंब सुमारे २ पिकोलिटरचा, म्हणजे एका लिटरच्या लाख कोटी भागांपैकी दोन भागांचा असतो. २ पिकोलिटर म्हणजे २००० घन मायक्रोमीटर. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून व्यास काढा. तो १५.६ मायक्रोमीटर येतो. म्हणजे थेंब हवेत असतानाच त्याचा व्यास ठिपक्यांमधील अंतराच्या तिप्पट आहे, आणि कागदावर पडल्यावर तो आणखी पसरतो! पाच-पाच मायक्रोमीटरवर पंधराचे थेंब टाकायचे म्हणजे एकावर एक टाकणे झाले. तेव्हा ४८०० हा आकडा खोटा नव्हे. थेंब टाकण्याची जागा किती बारकाईने ठरवता येते एवढेच तो सांगतो. छापलेल्या पानात तेवढा बारकावा दिसेल असे तो म्हणत नाही. ग्राहक मात्र नेमके तेच समजतो.

शाई कागदावर जाते कशी?

घरगुती यंत्रे दोन जातींची असतात. पहिली शाईचे थेंब फेकणारी, म्हणजे इंकजेट. तिच्यातही दोन पद्धती आहेत. एकीत सूक्ष्म छिद्रामागे छोटा तापक असतो. काही मायक्रोसेकंदांत तो शाईचा पातळ थर इतका तापवतो की वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि छिद्रातून एक थेंब बाहेर ढकलला जातो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्यासमोर शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला तापलेली डाख देण्याची सळई चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. या पद्धतीचा उगम तिथला. दुसऱ्या पद्धतीत तापवणे नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की विद्युत् दाब निर्माण होतो, हे पिएर व झाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. याच्या उलटही घडते : विद्युत् दाब दिला की स्फटिक किंचित आकार बदलतो. हा आकारबदल शाईच्या कोठीला चिमटा काढतो आणि थेंब बाहेर पडतो.

दोन्ही पद्धतींत छिद्रे अतिशय बारीक असतात. शाई वाळली की ती बुजतात. म्हणून यंत्र अधूनमधून स्वतःची सफाई करते. ही सफाई शाईनेच होते आणि ती शाई कागदावर न जाता आतील एका शोषक गादीत जाते. खोक्यावरच्या पानांच्या आकड्यात या शाईचा हिशेब आपल्या घरासारखा धरलेला नसतो. कारण पुढे येईलच.

दुसरी जात लेसरची. हिचा जन्म मोठा गमतीचा आहे. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील अस्टोरिया भागातील एका भाड्याच्या खोलीत चेस्टर कार्लसन आणि त्यांचे साहाय्यक ओटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून विद्युत्‌भारित केली. काचेवर शाईने त्या दिवसाची तारीख व अस्टोरिया हे नाव लिहिले, ती काच पट्टीवर ठेवली आणि वरून प्रखर प्रकाश सोडला. गंधक अंधारात विद्युत्‌रोधक असते, प्रकाशात वाहक होते. त्यामुळे जेथे प्रकाश पडला तेथला भार निघून गेला. अक्षरांच्या सावलीत तो टिकला. वरून बारीक पूड भुरभुरताच ती अक्षरांना चिकटली आणि मेणकागदावर अक्षरे उतरली. या तत्त्वावरचे झेरॉक्स ९१४ हे यंत्र बाजारात येण्यास १९५९ साल उजाडले. आजच्या लेसर प्रिंटरमध्ये गंधकाऐवजी प्रकाशवाहक थर दिलेला ड्रम असतो आणि काचेवरच्या अक्षरांऐवजी लेसरचा किरण, पण तत्त्व तेच. शेवटी प्लॅस्टिक व काजळीची ती पूड, म्हणजे टोनर, सुमारे २०० अंश सेल्सिअसला तापलेल्या रुळाखाली वितळून कागदाला चिकटते.

हे वर्गात करून पाहता येते. थंडीच्या कोरड्या दिवसांत प्लॅस्टिकची जाड फाईल घ्या. लोकरीचे कापड बोटाला गुंडाळून तिच्यावर एखादे अक्षर जोरात घासून 'लिहा'. मलमलीच्या पुरचुंडीतून थोडी टाल्कम पावडर वरून भुरभुरवा आणि फाईल हलकेच झटका. अक्षर उमटते. पावसाळ्यात हा प्रयोग बहुधा फसतो. तो का फसतो याचा विचार करून ठेवा, शेवटी त्याची गरज लागणार आहे.

दोन्ही जातींची छपाई ओळखायची असेल तर छापलेल्या अक्षरावर ओले बोट फिरवा. टोनर हे वितळून बसलेले प्लॅस्टिक, ते हलत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई फुटते. भिंगाखाली पाहिले तर शाईच्या अक्षराच्या कडेला बारीक मुळ्या फुटलेल्या दिसतात. कागदाच्या तंतूंमधून केशाकर्षणाने शाई पुढे सरकलेली असते. बऱ्याच यंत्रांत काळी शाई न विरघळणाऱ्या रंगकणांची असते. ती पाण्याला पुष्कळ टिकते. पोस्टाने जाणारी पाकिटे किंवा वर्षानुवर्षे जपायची कागदपत्रे छापायची असतील तर ही ओल्या बोटाची कसोटी दुकानातच लावून पाहावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

स्कॅनरची परीक्षा

घरच्या कामात स्कॅनिंग हे छपाईइतकेच महत्त्वाचे झाले आहे, पण ग्राहक त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतो. ए-४ कागद २१० × २९७ मि.मी. असतो. ३०० डी.पी.आय.ला स्कॅन केला तर आडवे २४८० आणि उभे ३५०८ बिंदू, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे लागतात. दाबून लहान करण्यापूर्वी फाईल सुमारे २६ मेगाबाइटची होते. ६०० ला चौपट, १२०० ला सोळापट. कागदपत्रांसाठी ३०० पुरते. उगाच १२०० वर स्कॅन करणारा माणूस केवळ संगणकाची जागा भरतो.

शिवाय स्कॅनरचे दोन आकडे सांगितले जातात. एक प्रकाशीय, म्हणजे संवेदकाने खरोखर पाहिलेल्या बिंदूंचा. दुसरा त्याहून कितीतरी मोठा, पण तो हिशेबाने भरलेल्या बिंदूंचा. शेजारच्या दोन बिंदूंची तेजस्विता १०० आणि १४० असेल तर मध्ये १२० चा एक बिंदू घुसवायचा, अशी ती रीत. गैरहजर मुलाला शेजारच्या दोघांच्या गुणांची सरासरी देण्यासारखेच हे! यादी भरते, पण त्या मुलाबद्दल आपल्याला नवे काहीच कळत नाही. खरा आकडा शोधायला मलमलीचा तुकडा घ्या आणि ३००, ६०० व १२०० ला स्कॅन करून धागे पडद्यावर मोठे करून पाहा. ज्या आकड्यानंतर धाग्यात नवीन काही दिसेनासे होते, ती त्या यंत्राची खरी मर्यादा.

दुसरी कसोटी मापाची. पोलादी पट्टी ३०० डी.पी.आय.ला स्कॅन करा. १०० मि.मी. मध्ये ११८१ बिंदू आले पाहिजेत. एकदा पट्टी आडवी ठेवून आणि एकदा उभी ठेवून मोजा. एका दिशेला संवेदकांची रांग माप ठरवते, दुसऱ्या दिशेला मोटर, म्हणून दोन्ही तपासायच्या.

तिसरी कसोटी मला सर्वांत आवडते. आजच्या बहुतेक स्वस्त यंत्रांत पानाच्या रुंदीएवढी संवेदकांची पट्टी काचेला अगदी खेटून फिरते. ती लहान, स्वस्त आणि कमी वीज खाणारी असते, पण काचेपासून थोडे वर उचललेले काही तिला स्पष्ट दिसत नाही. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळच्या ओळी म्हणूनच पुसट येतात. जुन्या धर्तीच्या, आरसे व भिंग असलेल्या स्कॅनरमध्ये हा दोष कमी असतो. १५० मि.मी. लांबीची पट्टी घ्या, तिचे एक टोक काचेवर आणि दुसरे १५ मि.मी. उंचीच्या खोडरबरावर ठेवा, आणि स्कॅन करा. समरूप त्रिकोणांवरून, काचेला टेकलेल्या टोकापासून २० मि.मी.ची खूण काचेच्या सुमारे २ मि.मी. वर आहे. कोणत्या खुणेपासून रेघा धूसर होतात ते पाहिले की स्कॅनरला किती उंचीपर्यंत दिसते, हे थेट मिळाले. सुट्या कागदांचे काम असेल तर याला महत्त्व नाही. जुन्या वह्या, नोंदवह्या, पुस्तके स्कॅन करायची असतील तर हीच कसोटी निर्णायक.

वेगाविषयी थोडक्यात. मिनिटाला इतकी पाने हा आकडा बहुधा यंत्र पूर्ण वेगात आल्यानंतरचा असतो. पहिले पान येईपर्यंतचा वेळ वेगळा. एका यंत्राचा वेग मिनिटाला २० पाने व पहिले पान १५ सेकंदांत. दुसऱ्याचा वेग १० पाने पण पहिले पान ८ सेकंदांत. दोन पानांच्या पत्राला पहिले १८ सेकंद घेते, दुसरे १४. घरात छापली जाणारी बहुतेक पत्रे दोन-तीन पानांचीच असतात.

पैशाचा आलेख

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. आमच्या शेजारी राहणाऱ्या एक बाई घरून लहान व्यापाऱ्यांचे जमाखर्च व कराची विवरणे पाहतात. यंत्र घ्यावे का, आणि घ्यावे तर कोणते, असे त्यांनी विचारले तेव्हा मी त्यांना एक महिना वहीत नोंद ठेवायला सांगितली. महिनाअखेर नोंद अशी झाली : छपाई १४० पाने, त्यांत रंगीत ११, झेरॉक्स ४०, स्कॅन ९५. म्हणजे कागदावर उमटलेली पाने १८०. आणखी एक गोष्ट वहीतूनच कळली. हे काम महिनाभर सारखे नव्हते. वस्तू व सेवा कराच्या तारखांमुळे ते १० ते २० तारखांच्या दरम्यान दाटले होते आणि उरलेले दिवस जवळजवळ कोरे.

खर्चाचे सूत्र साधे आहे :

एकूण खर्च = यंत्राची किंमत + (दर पानाचा खर्च × पाने)

ही सरळ रेषा आहे. किंमत म्हणजे रेषा जेथून निघते ती उंची. पानाचा खर्च म्हणजे तिचा चढ. दुकानदार उंची सांगतो, चढ सांगत नाही. खालील किमती केवळ उदाहरणासाठी धरल्या आहेत. तुम्ही आपल्या गावातल्या घाला. ५०० कागदांच्या रिमला ३०० रुपये, म्हणजे कागद ६० पैसे.

यंत्र अ : लहान कार्ट्रिजचे इंकजेट. किंमत ५,००० रु.; ९०० रुपयांच्या कार्ट्रिजमध्ये १८० पाने, म्हणजे शाई ५ रु., कागदासह ५.६० रु.
यंत्र ब : बाटलीने टाकी भरण्याचे इंकजेट. किंमत १३,००० रु.; शाई २० पैसे, कागदासह ८० पैसे.
यंत्र क : काळी छपाई करणारा लेसर. किंमत १६,००० रु.; टोनर १.२० रु., कागदासह १.८० रु.
आणि चौथा पर्याय ड : कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान. किंमत शून्य; पानाला २ रुपये, कागद त्यांचा.

आलेखाच्या कागदावर चारही रेषा काढा. अ आणि ब यांच्या रेषा सुमारे १,६६७ पानांवर छेदतात, कारण किमतीतला फरक ८,००० आणि चढातला फरक ४.८०. बाईंच्या कामाला म्हणजे नऊ-सव्वानऊ महिन्यांत. पाच वर्षांत त्यांची १०,८०० पाने होतील. त्या पानांना अ चा खर्च ६५,४८० रुपये, ब चा २१,६४०, क चा ३५,४४० आणि दुकानाचा २१,६००! सर्वांत स्वस्त दिसणारे यंत्र तिप्पट महाग पडते, आणि चांगले यंत्र पाच वर्षांनी कुठे कोपऱ्यावरच्या दुकानाच्या बरोबरीला येते. म्हणजे या कामालासुद्धा यंत्र हे पैसे वाचवण्याचे साधन नव्हे. लोकांचे हिशेब दुकानातल्या संगणकावर जाऊ नयेत, आणि १९ तारखेच्या रात्री दुकान बंद असताना काम अडू नये, यासाठी ते घ्यायचे. बाईंना हे दोन्ही मुद्दे मोलाचे वाटले; मलाही वाटले.

ज्या घरात महिन्याला १५ पाने लागतात तेथे काय? पाच वर्षांत ९०० पाने. अ ला १०,०४०, ब ला १३,७२०, क ला १७,६२०. दुकानाला १,८०० रुपये. येथे सफाईचाही विचार करा. समजा अ यंत्र आठवड्यातून एकदा वापरले आणि प्रत्येक वेळी सफाईत पाच पानांची शाई गेली. महिन्याला २० पानांची शाई गादीत, १५ पानांची कागदावर! पाच वर्षांत ६,००० रुपये आणखी. अशा घराने यंत्र घेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. शाळेचा प्रकल्प छापायला दुकानापर्यंत चालत जावे. कागदपत्राची प्रत पाठवायची असेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने, कागदावर तिरपी सावली पडू न देता, कॅमेरा कागदाला समांतर धरून काम भागते.

पानांच्या आकड्यामागे आणखी एक गोम आहे. हे आकडे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ठरवलेल्या नमुना पानांवर, सलग छपाई करून काढतात. त्यामुळे घरातल्या थांबत-थांबत वापरात होणारी सफाई तेथे होत नाही. शिवाय साध्या मजकुराच्या पानात कागदाचा सुमारे पाच टक्केच भाग काळा होतो असे ढोबळ मानाने धरतात. पूर्ण पानभर छायाचित्र छापले तर जवळजवळ शंभर टक्के. म्हणजे वीस पानांची शाई एका पानात! तुमचे नेहमीचे पान किती टक्के भरते ते आलेखाचा पारदर्शक कागद त्यावर ठेवून, चौकोन मोजून काढता येते.

जाता जाता एक गणित. ६५ मि.लि.च्या बाटलीत ४५०० पाने होत असतील तर पानाला ०.०१४४ मि.लि. शाई लागते. ती पाच टक्के भागावर, म्हणजे सुमारे ३१ चौ.सें.मी.वर पसरली तर थराची जाडी साडेचार मायक्रोमीटरच्या आसपास येते. आणि २ पिकोलिटरचा थेंब धरला तर एका साध्या पानावर सुमारे ७२ लाख थेंब!

बाईंनी शेवटी ब जातीचे यंत्र घेतले, पण वर कागदांची चळत ठेवली की एकेक कागद आपोआप ओढून स्कॅन करणारे. ते समजा ४,००० रुपयांनी महाग. ९५ कागद हाताने एकेक ठेवायला प्रत्येकी अर्धा मिनिट धरला तर पाऊण तासाहून अधिक वेळ. चळतीने दहा मिनिटे. महिन्याचा पाऊणएक तास त्या कामाच्या गर्दीत मिळावा म्हणून त्यांनी हे पैसे दिले. उरलेल्या कोऱ्या दिवसांत आठवड्याला एक रंगीत पान छापायचे, म्हणजे छिद्रे बुजत नाहीत, असे ठरले. ते पान त्यांची मुलगी छापते.

वीज, हवा आणि कागद

लेसर यंत्र वीज खाते अशी तक्रार ऐकू येते. हिशेब करू. छापताना ४०० वॅट आणि पानाला ३ सेकंद, म्हणजे १२०० ज्यूल. १८० पानांना २,१६,००० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा हे ०.०६ युनिट झाले. तेच यंत्र महिनाभर नुसते झोपून १ वॅट घेत असेल तर ७२० तासांत ०.७२ युनिट, छपाईच्या बारापट. रूळ प्रत्येक वेळी नव्याने तापवण्याची ऊर्जा धरली तरी महिन्याचे बिल फारसे हलत नाही. मात्र तापताना यंत्र काही क्षण कितीतरी जास्त वीज एकदम ओढते. घरच्या संगणकासाठी घेतलेल्या लहान यू.पी.एस.ला तो झटका झेपत नाही. म्हणून लेसर प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगला जोडावा. इंकजेटचे पथ्य निराळे. तो भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, यंत्राच्या स्वतःच्या बटणाने करावा. म्हणजे छिद्रांचा डोका आपल्या जागी जाऊन त्यावर झाकण बसते आणि शाई वाळत नाही.

पावसाळ्यात लेसरचे पान कधी फिके येते, कधी वळते. दमट कागद थोडी वीज वाहू लागतो. टोनरला ओढून घेणारा कागदावरचा भार टिकत नाही, तसाच जसा फाईलवरचा टिकला नव्हता. वर तापलेल्या रुळाखाली कागदातल्या पाण्याची वाफ होते आणि कागद एका बाजूने आकसतो. कोकणात राहणाऱ्यांनी रिमचे वेष्टन पुरते फाडू नये; लागेल तेवढा कागद काढून उरलेला प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा.

कागदाने किती पाणी घेतले हे शाळेच्या तराजूवर मोजता येते. ए-४ कागदाचे क्षेत्रफळ एका चौरस मीटरचा सोळावा भाग असते. ७५ ग्रॅमचा कागद म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम, तेव्हा एक कागद ४.७ ग्रॅमचा हवा. दहा कागद उघड्या कपाटात आणि दहा बंद पिशवीत ठेवा, जुलैतल्या एखाद्या झडीच्या आठवड्यानंतर दोन्ही गठ्ठे मिलिग्रॅमपर्यंत वजन करा, आणि दोहोंतला फरक टक्क्यांत काढा.